पद मागितल्याची गोष्ट

मी पदलोभी आहे, हे आमच्या गल्लीत, विद्यापीठात आणि माझ्या सासुरवाडीत आता सर्वमान्य झालेलं आहे. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. म्हणजे आहे, पण ती करायची सोय राहिलेली नाही. म्हणून काय झालं ते इथे सांगतो. नावं ठेवायचीच असतील तर निदान शेवटपर्यंत वाचून मग ठेवा.

विद्यापीठात आमचा भाषा विभाग आहे. विभाग म्हणजे मी, छोट्या बाई आणि एक कपाट. मी विभागप्रमुख, त्यामुळे प्रमुख म्हणून मला मुख्यतः कपाटावरच अधिकार गाजवता येतो. छोट्या बाई माझ्याहून वयानं बऱ्याच लहान, म्हणून छोट्या. त्या तासाच्या हिशेबानं शिकवतात. गेली कित्येक वर्षं दर सत्राच्या शेवटी 'पुढच्या सत्रात आहे की नाही' हा प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर उमटतो आणि सुट्टी संपेपर्यंत जात नाही. कपाट मात्र कायम आहे.

यंदा आमच्याकडे विद्यार्थी इतके कमी आले की एक जण गैरहजर राहिला तर वर्ग रिकामा वाटायचा. कुलगुरूंनी मला बोलावलं आणि अत्यंत गोड आवाजात सांगितलं, की पोरांना जे आवडतं ते शिकवा. नवीन अभ्यासक्रम सुरू झाला आणि चालला, तर बाईंचे तास चालू राहतील. नाही झाला, तर या सत्रानंतर तास बंद. आणि पोरांना काय आवडतं हेही त्यांनी परस्पर ठरवून ठेवलं होतं. पोरांना 'निळी' आवडते.

निळी म्हणजे एक पॉप गायिका. केस निळे, कपडे निळे, म्हणून पोरं तिला निळी म्हणतात. आता निळ्या रंगाशी माझं नातं जरा वेगळं आहे. मी ज्या देवाला निळा म्हणतो त्याच्या नावानं डोळे मिटतात. हिच्या नावानं पोरं खुर्च्यांवर चढतात. मी कीर्तनात वाढलेला माणूस. बुवा एका ओळीवर अख्खी संध्याकाळ उभे राहतात आणि आपण घरी जाताना ती ओळ बरोबर घेऊन जातो. निळीचं गाणं मी एकदा शेजारच्या घरातून भिंतीमार्गे ऐकलं होतं. त्यातून माझ्याबरोबर फक्त डोकेदुखी आली.

तर असल्या बाईवर विद्यापीठानं अभ्यासक्रम काढावा का? मी हा प्रश्न घरी जेवताना काढला आणि तिथेच चूक केली. आमच्या इमारतीच्या भिंती पातळ आहेत. हात धुवायच्या आत वरच्या मजल्यावरचे अपीलकाका खाली आले. हे गृहस्थ कोर्टात कारकून होते. निवृत्त झाले, पण कोर्ट त्यांच्यातून निवृत्त झालेलं नाही. दूध नासलं तरी ते वर कोणाकडे दाद मागता येईल याचा विचार करतात. त्यांचं मत पडलं की मी कडाडून विरोध करावा, तो लेखी करावा आणि त्याची एक प्रत त्यांच्याकडे ठेवावी. विद्यापीठ हे ज्ञानाचं ठिकाण आहे, असं ते म्हणाले, आणि मग त्या ज्ञानाच्या ठिकाणी आपल्या नातवाला प्रवेश कसा नाकारला गेला याची हकीकत सांगत बसले.

माझा मेहुणा फोनवर होता. हा मेहुणा कुठल्याही गोष्टीत 'स्कोप' बघतो. तो म्हणाला की दाजी, डोळे मिटून हो म्हणा, यात फार स्कोप आहे. कसला ते त्यानं सांगितलं नाही.

आमची ही एवढंच म्हणाली, "आणि बाईंच्या तासांचं काय?"

त्यावर मी तत्त्वाचा मुद्दा मोठ्या आवाजात मांडला. घरात तत्त्वाचा मुद्दा मोठ्या आवाजात मांडला की भांडी आपटण्याचा आवाज त्याहून मोठा येतो, असा माझा अनुभव आहे.

दुसऱ्या दिवशी मी बाईंना सांगायलाच गेलो, की मला हे जमणार नाही, मन घट्ट करा. बाई रिकाम्या वर्गात एकट्याच बसून मोबाईलवर निळीचं एक गाणं ऐकत होत्या. मला बघून त्या दचकल्या नाहीत. बसा सर, एकच ओळ ऐका, म्हणाल्या. आता पन्नाशी उलटलेल्या विभागप्रमुखानं विद्यार्थ्यांच्या बाकावर बसणं म्हणजे गुडघ्यांचा प्रश्न असतो, पण बसलो.

ओळ साधी होती. 'दार उघडं आहे, आलास तर ये.' बाईंनी ती तीनदा ऐकवली, कारण गाण्यात ती तीनदा येते. मग म्हणाल्या, "पहिल्यांदा ती त्याला सांगतेय. दुसऱ्यांदा आवाज खाली गेलाय, ती स्वतःलाच समजावतेय. आणि तिसऱ्यांदा नीट ऐका सर. तिसऱ्यांदा 'तर' नाहीये."

मी ऐकलं. खरंच नव्हता. 'दार उघडं आहे, आलास. ये.'

तो अजून आलेला नाही, दिसलेला नाही, आणि ही म्हणतेय, आलास. एवढासा 'तर' गळला आणि शंकेची श्रद्धा झाली. माझ्या अंगावर काटा आला, आणि निळ्या केसांच्या बाईमुळे आला म्हणून मला स्वतःचा रागही आला. आमचे बुवा दुसरं काय करतात? एक शब्द हातात घेतात, उलटा करतात, उजेडात धरतात. बाई तासभर त्या एका ओळीवर बोलल्या. पुढे पुढे गायिका निळी आहे की पिवळी याचं भानच मला राहिलं नाही.

त्या तासात माझं मत फिरलं. प्रश्न कोणावर शिकवायचं हा नाहीच, ऐकायला शिकवणारं कोणी आहे का हा आहे, असं मला वाटायला लागलं. इथवर सगळं ठीक होतं. पण मत फिरलेला माणूस फार उत्साही असतो, आणि उत्साहात माणूस अटी घालतो.

विद्यापरिषदेची बैठक भरली. रसायनशास्त्राचे प्रमुख उठले आणि म्हणाले, आज गायिका, उद्या नट, परवा विनोद सांगणारे, मग प्रयोगशाळेत आम्ही काय उकळत ठेवायचं? संख्याशास्त्राचे प्रमुख म्हणाले की लोकप्रियता हा मोजण्याचा विषय आहे, शिकवण्याचा नाही. मग मी उभा राहिलो. मी 'तर' सांगितला. माझ्या मते मी फार चांगलं बोललो. संख्याशास्त्राच्या प्रमुखांनी तर पेन खाली ठेवलं. आणि शेवटी माझ्यातला कीर्तनवेडा जागा झाला. बुवा आधी पद म्हणतात आणि मगच निरूपणाला उभे राहतात. मला वाटलं, हा अभ्यासक्रमही तसाच सुरू व्हावा: आधी आपलं एक जुनं पद, मी म्हणेन, आणि मग बाईंनी निळी घ्यावी. पोरांना दोन्हीतलं नातं आपोआप कळेल. म्हणून मी म्हणालो, "माझी अट एकच आहे. पदाशिवाय मी या अभ्यासक्रमाला उभा राहणार नाही."

सगळ्यांच्या माना एकदम माझ्याकडे वळल्या. मला वाटलं, माझ्या कल्पनेनं भारावले.

कुलसचिवांनी चष्मा वर केला. हा माणूस अत्यंत सज्जन आहे, पण गेली अनेक वर्षं आस्थापनेची कामं बघून त्यांच्या कानात फक्त कार्यालयीन शब्द शिरतात.

"पद हवंच का?" त्यांनी विचारलं.

"हवंच. त्याशिवाय सुरुवात कशी होणार?"

"नवीन?"

"नवीन कशाला? जुनी कितीतरी नुसती पडून आहेत, कोणी विचारत नाही."

हे त्यांना लागलं असावं. त्यांचा चेहरा पडला. "पूर्ण वेळ?" त्यांनी विचारलं.

"छे, पूर्ण वेळ कसं चालेल? सुरुवातीला जरा आणि शेवटी जरा."

"म्हणजे अर्धवेळ. आणि हाताखाली कोणी?"

"हाताखाली नको. मागे धरायला एक माणूस आणि पेटी, एवढं असलं की मी खूश."

कुलसचिवांनी हे सगळं लिहून घेतलं. रसायनशास्त्राचे प्रमुख शेजारच्याच्या कानात काहीतरी पुटपुटले. मी समाधानानं घरी आलो आणि हिला म्हणालो, की आज माझं म्हणणं शब्दशः लिहून घेतलं. किती शब्दशः ते पुढे कळलं.

त्यानंतर विद्यापीठात हवा बदलली. ग्रंथपाल माझ्याशी रोज दोन शब्द बोलायचे, ते एकावर आले. उपाहारगृहात मी टेबलाशी गेलो की लोकांचा चहा अचानक संपायचा. एकदा ग्रंथपाल सुस्कारा सोडून म्हणाले, "सर, तुम्हीसुद्धा?" मला वाटलं, निळीबद्दल म्हणताहेत. मी छातीठोकपणे म्हणालो, "हो, मीसुद्धा. आणि मला त्याची लाज वाटत नाही." ते उठूनच गेले.

मग एका सकाळी भांडार विभागातून दोन माणसं धापा टाकत आली आणि त्यांनी आमच्या खोलीत एक लोखंडी पेटी आणून आदळली. कडी, कोयंडा, कुलूप, सगळं. पत्रा इतका जाड की बँकेनंही हेवा करावा. मी म्हणालो, अहो, मला वाजवायची पेटी हवी होती. त्यातल्या एकानं पेटीवर दोन थापा मारल्या आणि वाजते की, म्हणून सही मागितली. परत घेऊन जा म्हटलं, तर परतीसाठी वस्तू नादुरुस्त असावी लागते, आणि ही पेटी नादुरुस्त करायला घण लागला असता. तेव्हापासून ती आमच्या दारात आहे. विभागात येणारा प्रत्येक माणूस आधी तिच्यावर नडगी आपटतो आणि मग माझ्याकडे रागानं बघतो.

तरीही माझी ट्यूब पेटली नाही. ती पेटवली अपीलकाकांनी. रविवारी ते वर्तमानपत्र घेऊन आले आणि उभ्यानंच वाचून दाखवलं. पॉप गायिकेच्या अभ्यासक्रमाबाबत एका ज्येष्ठ प्राध्यापकांनी ऐन बैठकीत 'पद द्या, तरच पाठिंबा' अशी भूमिका घेऊन विद्यापीठाला कोंडीत पकडल्याचं समजतं. अर्धवेळ पद, मागे एक मदतनीस आणि स्वतंत्र पेटी, अशाही मागण्या असल्याचं समजतं. नाव नव्हतं. पण 'कीर्तनाची आवड असलेले' असं होतं, म्हणजे नावाची गरजही नव्हती.

मला त्या बैठकीतला एकेक प्रश्न आठवला आणि एकेक उत्तर आठवलं, आणि प्रत्येक उत्तराला माझे कान जास्त जास्त गरम होत गेले. अपीलकाका म्हणाले की बदनामीचा दावा ठोकता येईल, फक्त आधी पद मागितलं नव्हतं हे सिद्ध करावं लागेल. मी म्हणालो, पण पद मी मागितलंच होतं. ते म्हणाले, मग अवघड आहे.

तेवढ्यात मेहुण्याचा फोन आला. दाजी, मानलं, म्हणाला. बघितला की नाही स्कोप? आणि तो मागचा मदतनीस म्हणून आमचा थोरला कसा वाटतो?

ही संतापली. तिचा संताप वेगळा होता. आयुष्यभर ज्या माणसानं साधी बढती मागितली नाही, त्याच्यावर हे बालंट यावं? (बढती मी मागितली नाही यावरून ती मला इतकी वर्षं बोलत आली आहे, पण तो मुद्दा त्या दिवशी निघाला नाही.) उद्याच्या उद्या जा आणि सांगून या, म्हणाली, की मला गाणं म्हणायचं होतं, खुर्ची नको होती.

मी गेलो. आस्थापना विभागातल्या कारकूनबाई जेवायला गेल्या होत्या. त्या आल्या तेव्हा फाईल जेवायला गेल्यासारखी सापडेना. शेवटी सापडली. मी खुलासा केला. पद म्हणजे हे नव्हे हो, ते. गायचं. कारकूनबाईंनी माझ्याकडे अशा दयेनं पाहिलं, जणू पद न मिळाल्यामुळे सरांना काहीतरी झालंय. मग म्हणाल्या की सर, आता उशीर झाला. इतिवृत्त मंजूर झालं, प्रस्ताव वर गेला, आणि वरून मान्यताही आली. अर्धवेळ पद कुठे बसत नव्हतं म्हणून पूर्णवेळच दिलंय. कायम.

"कायम?" मी विचारलं.

"कायम. पण तुम्हाला अर्ज करता येणार नाही. वयाची अट आहे." मग त्या पात्रता वाचू लागल्या. भाषेची पदवी, इतक्या वर्षांचा शिकवण्याचा अनुभव, शक्यतो तासाच्या हिशेबानं काम केलेल्यांना प्राधान्य. वाचता वाचता त्या थांबल्या. "अहो सर, हे तर तुमच्या छोट्या बाईंचंच मोजमाप घेऊन शिवल्यासारखं आहे."

पद मागे घेतलं तर काय होईल, असं मी सहज विचारलं. त्या म्हणाल्या की अभ्यासक्रमाची मान्यता पदाला जोडलेली आहे. पद गेलं की अभ्यासक्रम गेला. तुम्ही दोन ओळींचं पत्र दिलंत की काम झालं, कागद देऊ का?

मी म्हणालो, नको, पेन घरी राहिलं. पेन माझ्या खिशाला लावलेलं होतं, कारकूनबाईंच्या डोळ्यांसमोर.

घरी आल्यावर मी हिला सगळं सांगितलं. मी म्हणालो, एकीकडे माझं नाव आहे आणि दुसरीकडे बाईंची नोकरी. सत्य सांगितलं तर बाई रस्त्यावर. गप्प बसलो तर मी जन्मभर पदासाठी अडून बसलेला. कीर्तनाला गेलो तरी लोक म्हणतील, बघा, इथे कुठलं पद मागायला आले. चाळीस वर्षं जपलेलं नाव आहे हे.

ही गॅस बारीक करत म्हणाली, "जपायचं नाव वेगळं असतं, असं तुमचे बुवाच सांगतात ना?"

मला राग आला. बुवांचं वाक्य बुवांनी सांगावं, आपल्या बायकोनं आपल्यावर उलटवू नये.

रसायनशास्त्राचे प्रमुख गप्प बसणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी पुन्हा बैठक लावायला भाग पाडलं. एका माणसाच्या हट्टापायी पद निर्माण होत असेल तर ते रद्द करावं, असा त्यांचा ठराव होता. मी रात्रीच मनाशी ठरवलं होतं, की खोटं बोलायचं नाही आणि खरं समजू द्यायचं नाही. हे ठरवायला सोपं असतं.

कुलगुरूंनी त्याच गोड आवाजात विचारलं, "सर, एकदा स्पष्टच सांगा. तुम्ही पद मागितलं होतं?"

"हो," मी म्हणालो. "मागितलं होतं."

"स्वतःसाठी?"

सगळे माझ्याकडे बघत होते. ग्रंथपाल मान खाली घालून बघत होते, ते जास्त लागलं.

"स्वतःसाठीच," मी म्हणालो. "पण मला वयामुळे ते मिळू शकत नाही, असं आता कळलंय. तेव्हा माझ्या हट्टाचा प्रश्न उरलेला नाही. पोरांना अभ्यासक्रम हवा आहे आणि त्याला शिकवणारं माणूस हवं आहे. ज्याचं असेल त्याला मिळू द्या."

कोणीतरी हसलं. मग आणखी कोणीतरी. रसायनशास्त्राचे प्रमुख तर इतके खूश झाले, की मला पद मिळणार नाही या आनंदात त्यांनी आपला ठराव मागे घेतला. अशा रीतीनं विद्यापीठांनी पॉप गायिकांवर अभ्यासक्रम काढावेत की नाही, या गहन प्रश्नाचा निकाल माझ्या फजितीच्या बळावर लागला. अपीलकाकांना मी हे सांगितलं नाही. ते वरच्या कोर्टात गेले असते.

मुलाखती झाल्या. बाईंनी तिथेही तोच 'तर' सांगितला, असं ऐकलं. बाहेरून आलेल्या तज्ज्ञांनी ती ओळ पुन्हा ऐकवायला लावली.

नेमणुकीचं पत्र मिळालं त्या दिवशी बाई माझ्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या. पुढच्या सत्राचा प्रश्न चेहऱ्यावरून पुसला गेला होता, पण जागा रिकामी नव्हती. तिथे काहीतरी वेगळंच बसलं होतं.

"सर, एक बोलू का? ते पद तुम्ही मागितलं होतं. सगळ्यांचा वाईटपणा घेऊन मागितलंत. आणि मिळालं मला. मला घास गिळवत नाही हो."

सांगून टाकावं, असं फार वाटलं. पण मी या बाईंना ओळखतो. हे पद ऐकण्याच्या चुकीतून जन्मलंय असं कळलं असतं, तर त्या तशाच उठून कुलसचिवांकडे गेल्या असत्या आणि पत्र परत करून आल्या असत्या. त्यांच्याइतकी शब्दाला जपणारी बाई मी पाहिलेली नाही. म्हणून मी फक्त मनापासून, डोळ्यांत पाणी येऊ न देता, आशीर्वाद दिला. म्हणालो, "ज्याच्या तोंडी शोभावं त्याच्या तोंडी पद गेलं, बाई."

त्या हळूच म्हणाल्या, "टोमणे मारा सर. मी ऐकून घेईन. तुमचा तो हक्कच आहे."

एवढ्या वर्षांत मी कोणाला इतका मनापासून आशीर्वाद दिला नव्हता, आणि तो टोमणा म्हणून जमा झाला.

पहिल्या तासाला वर्ग इतका भरला, की पोरं खिडक्यांच्या कट्ट्यांवर बसली. मला बाकावर जागा मिळाली नाही, म्हणून दारात उभा राहिलो. मला आशा होती, की बाई म्हणतील, सर, तुम्हीच सुरुवात करा. मी घसा साफ करून गेलो होतो. पण मला दुखावलेलं समजून त्यांनी माझ्याकडे बघायचं टाळलं आणि सरळ ओळ लावली. पोरं हलली नाहीत. तिसऱ्या वेळी 'तर' गळला, तेव्हा पुढच्या बाकावरची एक मुलगी चक्क रडली.

तास पदाशिवाय सुरू झाला, आणि अगदी उत्तम चालला. बाकी सगळं मी सोसलं. एवढं मात्र मला लागलं.